‘श्वान रस्त्यापर्यंत गेले आणि तिथेच घुटमळले’ म्हणजे नेमकं काय? माग काढणाऱ्या कुत्र्याची देहबोली समजून घ्या

घरफोडी असो, खून असो किंवा कुणी बेपत्ता झालेलं असो, बातमीच्या शेवटी एक ओळ हमखास असते. ‘घटनास्थळी श्वानपथकाला पाचारण करण्यात आले. श्वानाने मुख्य रस्त्यापर्यंत माग काढला, मात्र तिथेच ते घुटमळले.’ डिजिटल डेस्कवर ही ओळ इतक्या वेळा हाताखालून जाते की ती टाइप करताना विचारही करावा लागत नाही. वाचकही ‘म्हणजे काही सापडलं नाही’ असं समजून पुढची बातमी उघडतात.

खरं तर त्या घुटमळण्यात बरीच माहिती असते. कुत्रा मान वर करून घुटमळला की खाली घालून? एकाच जागी गोल फिरला की दोन्ही बाजूंना धावून परत आला? तोंड बंद होतं की जीभ बाहेर होती? या प्रश्नांच्या उत्तरांवरून ‘माणूस इथून गाडीत बसला’, ‘माणूस इथे बराच वेळ थांबला होता’, ‘आपण वळण चुकलो’ किंवा ‘कुत्रा दमलाय’ यांपैकी काय घडलं याचा अंदाज बांधता येतो. त्यावर पुढचा तपास ठरतो. रस्त्यावरचे सीसीटीव्ही तपासायचे, की मागे फिरून शेजारची झाडी आणि विहीर बघायची? हरवलेलं माणूस लहान मूल असेल किंवा विस्मरण झालेले आजोबा असतील, तर या दोन पर्यायांमधला फरक काही तासांचा असतो. ते काही तास जीव वाचवणारे ठरू शकतात.

कुत्रा शोध घेत असताना हँडलर, म्हणजे पोलिसांच्या भाषेत श्वान हस्तक, त्याच्या शरीरावरून काय वाचतो? हे वाचन चुकतं कुठे? सोप्या भाषेत समजून घेऊया.

माग म्हणजे जमिनीवर नेमकं काय असतं?

माणूस चालतो तेव्हा त्याच्या अंगावरून त्वचेचे अतिशय बारीक कण सतत गळत असतात. त्यावर घाम असतो, तेलकट स्राव असतो आणि जिवाणूही असतात. हे जिवाणू आपलं काम करत राहतात आणि त्यातून वास तयार होत राहतो. दुसरीकडे, पाऊल पडलं की गवत चिरडलं जातं, माती उकरली जाते, आणि त्याचाही वेगळा वास येतो. माग म्हणजे या सगळ्यांचं मिश्रण.

हे मिश्रण पावलांच्या ठशांवर गप्प बसून राहत नाही. हलके कण वाऱ्याबरोबर बाजूला सरकतात. भिंत, कुंपण, बांध, गवताची कड अशा आडोशाला जाऊन साचतात. उतारावरून थंड हवा खाली वाहते, तिच्याबरोबर वासही खाली जातो. म्हणून माणूस रस्त्याच्या मधून गेला असला तरी कुत्रा कडेच्या गटाराजवळून चालताना दिसू शकतो. तो चुकत नसतो. त्या क्षणी वास जिथे आहे, तिथून तो चालत असतो.

हवामानाचाही मोठा हात असतो. ओलसर, थंड, मंद वाऱ्याची पहाट मागासाठी चांगली मानली जाते. मे महिन्यातल्या दुपारी तापलेल्या डांबरावर तोच वास झपाट्याने विरतो आणि कुत्र्याचे पायही भाजतात. हलक्या सरीने वास टिकायला मदत होऊ शकते. धो धो पावसात मात्र तो वाहून जातो.

कुत्रा नेमकं काय शोधतोय, हे आधी कळायला हवं

‘श्वानाने माग काढला’ या एका वाक्याखाली आपण तीन वेगवेगळी कामं घालतो. प्रत्येक कामात कुत्र्याची देहबोली वेगळी असते.

पहिलं काम म्हणजे ट्रॅकिंग. यात कुत्रा जवळपास पावलावर पाऊल ठेवून जातो. नाक जमिनीला लागलेलं, वेग संथ आणि एकसारखा.

दुसरं काम ट्रेलिंग. कुत्र्याला आधी त्या माणसाची वस्तू हुंगवतात आणि कुत्रा त्या विशिष्ट माणसाचा वास धरून निघतो. यात तो ठशांना चिकटून राहत नाही. नाक कधी जमिनीजवळ, कधी गुडघ्याच्या उंचीवर असतं. कोपरे कापतो, कडेने जातो, वेग कमी-जास्त होतो.

तिसरं काम एअर सेंटिंग, म्हणजे हवेतून येणारा वास पकडणं. इथे मान वर असते. कुत्रा वाऱ्याला आडवा, नागमोडी धावतो आणि वासाच्या झोतात शिरला की एकदम वळतो. ढिगाऱ्याखालच्या माणसांचा शोध याच प्रकारात मोडतो.

हा फरक लक्षात न घेता देहबोली वाचली तर सगळंच उलटं होतं. वर गेलेलं डोकं ट्रॅकिंगमध्ये ‘माग सुटला’ असं सांगत असेल, तर एअर सेंटिंगमध्ये तेच डोकं ‘सापडलं, वास येतोय’ असं सांगत असतं.

नाकात काय चालतं? थोडं इंजिनीअरिंग

आपण इंजिनीअरिंगला फ्लुइड मेकॅनिक्स शिकलो ते पाइप आणि पंपांसाठी. पण त्याच गणिताने २०१० मध्ये अमेरिकेतल्या पेन स्टेट विद्यापीठाच्या ब्रेंट क्रेव्हन, एरिक पॅटरसन आणि गॅरी सेटल्स यांनी लॅब्रॅडॉरच्या नाकातल्या हवेच्या प्रवाहाचा अभ्यास केला. त्यांना दिसलं की हुंगताना आत येणारी हवा दोन वाटांनी जाते. मोठा भाग श्वासासाठी फुफ्फुसाकडे जातो, तर सुमारे १२ टक्के भाग नाकाच्या मागच्या टोकाला, वास ओळखणाऱ्या भागात वेगळा वळवला जातो. आपल्या नाकात अशी स्वतंत्र व्यवस्था नाही.

दुसरी गंमत उच्छ्वासाची. कुत्र्याच्या नाकपुडीला बाजूला फट असते. बाहेर जाणारी हवा या फटीतून मागे आणि बाजूला फेकली जाते, त्यामुळे समोरचा वास उधळला जात नाही. उलट ताजी हवा पुढून नाकाकडे ओढली जाते. हा प्रकार सेकंदाला साधारण पाच वेळा चालतो.

देहबोलीशी याचा थेट संबंध आहे. हुंगायला नाकातून छोटे, वेगवान श्वास लागतात. कुत्रा धापा टाकत असेल तर हवा मुख्यतः तोंडावाटे ये-जा करते आणि हुंगण्याचं काम मागे पडतं. त्यामुळे चालता चालता कुत्र्याचं उघडं तोंड अचानक मिटलं, जीभ आत गेली आणि फुस्स-फुस्स असा आवाज सुरू झाला, तर अनुभवी हँडलरचे कान टवकारतात. इंजिनाचा आवाज बदलला की ड्रायव्हरला जसं कळतं, तसंच.

शोध, निर्णय, पाठलाग: कुत्र्याचे तीन गिअर

१९९३ मध्ये नॉर्वेच्या संशोधकांनी ‘जर्नल ऑफ एक्सपेरिमेंटल बायोलॉजी’त एक निबंध प्रसिद्ध केला. चार जर्मन शेफर्ड कुत्र्यांना गवतावरचा २० मिनिटं जुना आणि काँक्रीटवरचा ३ मिनिटं जुना माग दिला गेला. माणूस कोणत्या दिशेने गेला हे कुत्र्यांनी स्वतः शोधायचं होतं. त्यांच्या हालचालींचं विश्लेषण केल्यावर तीन स्पष्ट टप्पे दिसले.

पहिला टप्पा शोधाचा. कुत्रा भराभर फिरतो, इकडेतिकडे नाक लावतो. दुसरा टप्पा निर्णयाचा. माग सापडला की त्याची गती कमी होते, हुंगण्याच्या फेऱ्या लांबतात. अवघ्या ३ ते ५ सेकंदांत, दोन ते पाच पाऊलठसे हुंगून तो दिशा ठरवतो. तिसरा टप्पा पाठलागाचा. एकदा ठरलं की तो पुन्हा वेग धरतो आणि निघतो.

इतक्या कमी ठशांवरून दिशा कशी कळते? आधीच्या ठशापेक्षा पुढचा ठसा किंचित ताजा असतो. वासाच्या तीव्रतेतला हा सूक्ष्म फरक कुत्रा पकडतो, असा अंदाज आहे. बेलफास्टच्या क्वीन्स विद्यापीठातल्या पीटर हेपर आणि डेबोरा वेल्स यांनी २००५ मध्ये नेमकी किती पावलं लागतात, हे तपासलं. तीन पावलांवरून कुत्र्यांना दिशा ठरवता आली नाही, पाच पावलांवरून आली.

हँडलरसाठी यातला धडा साधा आहे. निर्णयाचा टप्पा आला की कुत्रा मंदावतो. त्याच वेळी हँडलरने घाईने ‘चल, चल’ केलं किंवा दोरी ओढली, तर कुत्र्याचा निर्णय अर्धवट राहतो. तिथून पुढे चाललेली दिशा कुत्र्याची नसते, हँडलरची असते.

शरीराचा कोणता भाग काय सांगतो?

यादी वाचण्याआधी एक अट: आधी त्या कुत्र्याचं ‘नॉर्मल’ माहीत हवं. मोजमापाच्या भाषेत याला बेसलाइन म्हणतात. लॅब्रॅडॉरची शेपटी एरवीही हलतच असते, त्यामुळे ती हलते यात बातमी नाही. थांबली तर बातमी आहे. शेपूट छाटलेल्या डॉबरमनमध्ये पाठ, कान आणि मानेवरून वाचावं लागतं. बेल्जियन मॅलिनॉइज मुळातच वेगवान, म्हणून त्याचा वेग घटणं महत्त्वाचं. थोडक्यात, एखादी खूण एकटी फारसं काही सांगत नाही. बदल काय झाला, हे सांगतो.

• डोकं आणि नाक: मागावर असताना डोकं ठरावीक उंचीवर स्थिर असतं. ते झटक्यात एका बाजूला वळलं, तर बहुधा तिथे वळण आहे किंवा वारा तिकडून वास आणतोय. पुढे गेलेला कुत्रा डोकं वर उचलून क्षणभर थांबला, तर माग मागे सुटल्याची शक्यता असते. अशा वेळी माग संपल्याची खरी जागा डोकं उचललं त्याच्या थोडी आधी असते.

• तोंड: वास पक्का मिळाला की अनेक कुत्री तोंड मिटतात. धाप, लाळ, बाहेर लोंबणारी रुंद जीभ ही उष्णता आणि थकव्याची लक्षणं.

• शेपटी: तिची उंची आणि लय दोन्ही बघतात. आत्मविश्वासाने चालणाऱ्या कुत्र्याची शेपटी एका लयीत चालते. माग विरळ झाला की ती खाली येते किंवा थबकते. शेपटी हलते म्हणजे कुत्रा खूश, हा समज अपुरा आहे. इटलीतल्या संशोधकांनी २००७ मध्ये दाखवलं की मालक दिसल्यावर शेपटी उजवीकडे जास्त झुकते, तर अनोळखी दबंग कुत्रा दिसल्यावर डावीकडे.

• कान: मागावर असताना कान बहुतेक वेळा सैल किंवा मागे असतात, कारण लक्ष नाकात असतं. ते ताठ पुढे आले, तर कुत्रा काहीतरी ऐकतोय किंवा बघतोय. ते शोधातलं माणूस असेल किंवा बांधावरची मांजर.

• दोरी: ही हँडलरच्या हातातली सगळ्यात भरवशाची तार. मागावरचा कुत्रा साधारण ५ ते १० मीटर लांब दोरीवर सतत एकसारखा ताण ठेवतो. ताण एकदम सैल पडला तर शंका, अचानक वाढला तर ताजा वास. अंधारात किंवा उसाच्या फडात कुत्रा दिसत नाही, तेव्हा हँडलर हातानेच वाचतो.

• अंग झटकणं, जांभई, ओठ चाटणं, खाजवणं: भिजलेला नसताना कुत्रा अंग झटकतो, अचानक बसून कान खाजवतो. हे अनेकदा ताणाचं किंवा गोंधळाचं लक्षण असतं. काम अवघड झालंय किंवा हँडलरचा दबाव वाढलाय, असा त्याचा अर्थ निघू शकतो.

घुटमळण्याचे सहा अर्थ

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. रस्त्यापर्यंत गेलेला कुत्रा घुटमळतो, तेव्हा काय काय शक्यता असतात?

एक, माणूस वाहनात बसला. जोमात आलेला कुत्रा रस्त्याच्या कडेला अचानक थांबतो. गोल फिरतो, दोन्ही बाजूंना थोडं थोडं जाऊन परत त्याच जागी येतो, डोकं वर करतो आणि शेवटी हँडलरकडे बघतो. दोन्ही दिशा नीट तपासूनही तो त्याच बिंदूवर परतत असेल, तर ही शक्यता बळावते.

दोन, माणूस इथे बराच वेळ थांबला होता. बसथांबा, पार, टपरीमागची जागा. एके ठिकाणी थांबलेल्या माणसाचा वास तिथे साचतो. कुत्रा उत्साहाने गोल गोल फिरतो, पण डोकं वर येत नाही, हुंगणं थांबत नाही. माग इथे संपलेला नसतो, इथे तो दाट झालेला असतो. बाहेर पडणारी वाट शोधायला कुत्र्याला वेळ हवा असतो.

तीन, वळण मागे राहिलं. वेगात असलेला कुत्रा वळण ओलांडून पुढे जातो. दोरी सैल पडते, शेपटी उतरते, डोकं वर येतं. चांगला कुत्रा स्वतःच मागे वळतो आणि अर्धवर्तुळ मारून वाट पुन्हा पकडतो. हँडलरने तेव्हा वाटेत उभं राहू नये, एवढंच त्याचं काम.

चार, वास विस्कटला. ट्रकची वर्दळ, तापलेलं डांबर, बघ्यांची गर्दी. कुत्र्याच्या फेऱ्या मोठ्या होत जातात, तो कधी इथे कधी तिथे अर्धवट नाक लावतो. एका बिंदूवर परत येत नाही. इथे रस्ता ओलांडून पलीकडे, सावलीत, गवताच्या कडेला नवी सुरुवात देऊन बघतात.

पाच, मन दुसरीकडे गेलं. भटक्या कुत्र्याने खांबावर केलेली खूण, शिळं अन्न, माजावर आलेली कुत्री. अशा वेळी हुंगणं एका छोट्या जागेवर खोल आणि संथ होतं, पाय थांबतात आणि अनेकदा शेवटी तंगडी वर होते. मागावरचं हुंगणं पुढे सरकत असतं, हे हुंगणं रुतून बसतं.

सहा, कुत्रा दमला. दीर्घकाळ हुंगणं हे शारीरिक कष्टाचं काम आहे. धाप, सावली शोधणं, हँडलरच्या पायाशी येऊन उभं राहणं दिसलं की पाणी आणि विश्रांती. अशा कुत्र्याच्या ‘नाही’चा अर्थ ‘इथे कुणी नाही’ असा धरता येत नाही.

याशिवाय सातवी शक्यता आनंदाची. शोधातलं माणूस अगदी जवळ असतं, तेव्हा कुत्रा माग सोडून देतो. डोकं वर, तोंड मिटलेलं, अंग ताणलेलं, वेग वाढलेला आणि दिशा थेट वाऱ्याच्या उगमाकडे. लांबून बघणाऱ्याला वाटतं, कुत्रा भरकटला. खरं तर हवेतूनच वास मिळायला लागल्यावर त्याला जमिनीवरच्या मागाची गरज उरलेली नसते.

हँडलर वाचतो ते कुत्र्याचं, की स्वतःच्या मनातलं?

हा या विषयातला सगळ्यात नाजूक प्रश्न आहे. २०११ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस शाखेतल्या लिसा लिट आणि सहकाऱ्यांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. अमली पदार्थ आणि स्फोटकं शोधणाऱ्या १८ कुत्रा-हँडलर जोड्या घेतल्या. हँडलरना सांगितलं की खोल्यांमध्ये शोधायचा वास लपवलेला असू शकतो आणि काही ठिकाणी लाल कागदाने जागा खुणावली आहे. प्रत्यक्षात एकाही खोलीत तसा वास ठेवलेलाच नव्हता.

म्हणजे योग्य उत्तर प्रत्येक वेळी ‘काही नाही’ हेच होतं. तरीही एकूण २२५ चुकीचे इशारे नोंदले गेले. १४४ फेऱ्यांपैकी फक्त २१ फेऱ्या पूर्ण बिनचूक झाल्या. लाल कागदाजवळ इशाऱ्यांचं प्रमाण जास्त होतं, म्हणजे जिथे हँडलरची अपेक्षा होती तिथे. सॉसेज आणि टेनिस बॉल लपवलेल्या, म्हणजे कुत्र्याला मोह पडावा अशा जागांपेक्षाही कागदाचा परिणाम मोठा ठरला.

यात दोन शक्यता आहेत. हँडलरच्या नकळत झालेल्या हालचालींवरून कुत्र्याने इशारा दिला असेल, किंवा कुत्र्याने काहीच केलं नसताना हँडलरला ‘इशारा’ दिसला असेल. ही कुत्री माग काढणारी नव्हती, वस्तू शोधणारी होती. पण दोरीच्या दुसऱ्या टोकाला माणूसच असल्यामुळे धडा दोन्हीकडे लागू पडतो.

हा प्रकार नवा नाही. गेल्या शतकाच्या सुरुवातीला बर्लिनमध्ये ‘हुशार हान्स’ नावाचा घोडा खुराने ठोके देऊन गणितं सोडवायचा. १९०७ मध्ये ऑस्कर फुंग्स्ट यांनी दाखवून दिलं की घोड्याला गणित येत नव्हतं. बरोबर ठोक्याजवळ आल्यावर समोरच्या माणसाच्या अंगात होणारा बारीक बदल तो ओळखत होता. कुत्रं तर हजारो वर्षं माणसाला वाचत आलंय. आपण त्याची देहबोली वाचतो, तेव्हा तोही आपली वाचत असतो. हा फीडबॅक लूप आहे आणि त्यात चूकही फिरून मोठी होते.

यावरचा उपाय प्रशिक्षणातच आहे. सरावात माग कुठून गेलाय हे हँडलरला सांगायचं नाही. त्याहून कडक पद्धतीत तिथे हजर असलेल्या कुणालाच ते माहीत नसतं. काही सरावांत मागच नसतो, म्हणजे ‘इथे काही नाही’ हे उत्तर द्यायची सवय कुत्र्यालाही लागते आणि माणसालाही. सरावाचा व्हिडिओ नंतर संथ गतीने बघितला की डोकं नेमकं कुठे उचललं, हात नेमका कधी ताणला, हे दिसतं.

दुसऱ्या कुत्र्याचं मत

मोजमाप महत्त्वाचं असेल तर इंजिनीअर एका सेन्सरवर विसंबत नाही. शोधकार्यातही तसंच. ६ फेब्रुवारी २०२३ च्या तुर्कस्तानातल्या भूकंपानंतर भारताने ‘ऑपरेशन दोस्त’ अंतर्गत एनडीआरएफची पथकं पाठवली. गाझियान्तेप प्रांतातल्या नुरदाग इथे ज्युली ही लॅब्रॅडॉर ढिगाऱ्यात शिरली आणि भुंकली. पथकाने लगेच खोदकाम सुरू केलं नाही. रोमिओ या दुसऱ्या कुत्र्याला आत पाठवलं. तोही भुंकला. त्यानंतरच्या प्रयत्नांतून सहा वर्षांची मुलगी जिवंत बाहेर आली.

ते काम हवेतून वास पकडण्याचं होतं, माग काढण्याचं नव्हतं. पण तत्त्व तेच. पहिल्या कुत्र्याची देहबोली म्हणजे माहिती, दुसऱ्याची स्वतंत्र साक्ष म्हणजे खात्री. आपल्याकडे श्वानपथकात कुत्री मोजकी आणि जिल्हा मोठा, त्यामुळे दर वेळी दुसरा कुत्रा मिळेलच असं नाही. तेव्हा तर पहिल्याचं वाचन अधिकच काळजीने करावं लागतं.

‘कुत्रा याच्या दारात थांबला’ हा पुरावा होतो का?

गावात चोरी झाली, कुत्रा फिरत फिरत एका घरासमोर थांबला आणि जमलेल्या गर्दीने निकाल देऊन टाकला, हे चित्र अनोळखी नाही. त्या घरातल्या माणसासाठी कुत्र्याच्या देहबोलीचं चुकीचं वाचन म्हणजे आयुष्यभराचा डाग.

न्यायालयांनी याबाबत सावध भूमिका घेतली आहे. महाराष्ट्रातल्या रेल्वे घातपाताच्या एका खटल्यात १९६९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशा पुराव्यावरचे तीन नेहमीचे आक्षेप मांडले. कुत्रा साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभा राहू शकत नाही, त्याच्या वतीने माणूस बोलतो आणि ती ऐकीव माहिती ठरते. माणसाचं आयुष्य आणि स्वातंत्र्य कुत्र्याच्या अनुमानावर अवलंबून असू नये. आणि अशा पुराव्याचा मनावर होणारा नाट्यमय परिणाम त्याच्या खऱ्या किमतीपेक्षा जास्त असतो.

२००१ मध्ये आंध्र प्रदेशातल्या एका खटल्यात न्यायालयाने कुत्र्याच्या किंवा त्याच्या हँडलरच्या चुकीची, तसंच कुत्र्याच्या वागण्यावरून चुकीचा निष्कर्ष निघण्याची शक्यता थेट बोलून दाखवली. २००८ मध्ये आसाममधल्या एका खटल्यात म्हटलं की तपासासाठी श्वानाची मदत जरूर घ्यावी, पण त्याच्या क्षमतेलाच पुरावा मानता येणार नाही. थोडक्यात, कुत्रा पोलिसांना दिशा देतो. दोष सिद्ध करायला सीसीटीव्ही, ठसे, मुद्देमाल, साक्षीदार असं काहीतरी ठोस हवं.

आपल्या घरातलं कुणी हरवलं तर?

श्वानपथक येईपर्यंत आणि आल्यावर आपण काय करतो, यावर कुत्र्याचं काम बरंच अवलंबून असतं. या गोष्टी लक्षात ठेवा:

• ती व्यक्ती शेवटची दिसली ती जागा मोकळी ठेवा. सगळ्यांनी तिथूनच शोधायला निघणं टाळा.

• तिची न धुतलेली वस्तू, म्हणजे उशीचा अभ्रा, बनियन किंवा चप्पल, हाताने न उचलता जागेवरच राहू द्या. धुण्याच्या ढिगातले कपडे एकमेकांत मिसळलेले असतात, ते शक्यतो देऊ नका.

• घरात आणि अंगणात कोण कोण वावरलं, कोण कोणत्या बाजूला शोधून आलं, हे हँडलरला सांगा. कुत्र्याला ते वास वगळावे लागतात.

• कुत्रा निघाला की मागे गर्दी करू नका. त्याला हाक मारू नका, खायला देऊ नका, मोबाईलचा फ्लॅश मारू नका. पाळीव कुत्री बांधून ठेवा.

• ‘तो नक्की नदीकडे गेला असेल’ हा आपला अंदाज तपास अधिकाऱ्याला सांगा. हँडलरच्या कानात पुन्हा पुन्हा घालू नका. लाल कागदाचा प्रयोग आठवा.

• कुत्रा घुटमळला म्हणून शोध संपला असं समजू नका. ‘तो कसा घुटमळला?’ हे हँडलरला विचारा. कोणत्या जागेपर्यंत त्याची खात्री होती, हे कळलं तरी पुढचा शोध तिथून सुरू करता येतो.

हा शेवटचा प्रश्न बातमी लिहिणाऱ्यांनीही विचारायला हवा. ‘श्वान घुटमळले’ या दोन शब्दांच्या जागी ‘श्वान रस्त्याच्या कडेला एकाच ठिकाणी वारंवार परतले, त्यामुळे तिथून वाहनाचा वापर झाल्याची शक्यता पोलीस तपासत आहेत’ असं एक वाक्य आलं, तर त्या वेळी त्या रस्त्याने गेलेल्या एखाद्या वाचकाला तिथे थांबलेली गाडी आठवू शकते. माग तिथून पुढे सुरू होऊ शकतो.